शेवटी आलेल्याने आधी बोलायचं

आमची धाकटी सून चार मोठ्या माणसांत बोलायला उभी राहिली की तिचे कान लाल होतात. वर्गात होत नाहीत. वर्गात ती तास संपल्यावरही बोलायची थांबत नाही. कॉलेजात ती संध्याकाळच्या शाखेत हिशेबशास्त्र शिकवते. तिचे विद्यार्थी दिवसभर दुकानांत आणि कारखान्यांत राबून येतात. ती स्वतः अशाच वर्गांतून शिकली. तेव्हा ती दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा पुसायची आणि संध्याकाळी पुस्तक उघडायची. त्यामुळे मागच्या बाकावर कुणी पेंगताना दिसलं, तर ती त्याला उठवत नाही. खिडकी तेवढी उघडते.

गेली काही वर्षं संध्याकाळचे बाक रिकामे पडू लागले होते. विश्वस्तांनी सांगून टाकलं की शाखा वाचवायचा उपाय सुचवा, नाहीतर येत्या वर्षी बंद. बंद झाली असती तर धाकटीची बदली संस्थेच्या दुसऱ्या गावच्या कॉलेजात होणार होती. गाव रात्रभराच्या प्रवासावर. मुलाचं मोटारदुरुस्तीचं गॅरेज इथे, नातीची शाळा इथे, आणि मीही इथेच. घराचे सरळ दोन तुकडे झाले असते. याबद्दल घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण जेवताना भांड्यांचेच आवाज ऐकू येत.

कर्मचाऱ्यांच्या स्नेहसंमेलनात यावर गटचर्चा ठेवायचं ठरलं आणि ती घ्यायचं काम नेमकं धाकटीच्या गळ्यात पडलं.

"ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणाले सगळे," घरी येऊन ती म्हणाली. "आई, आमच्याकडे चर्चा म्हणजे काय असतं माहितीये? गणिताचे सर आधी बोलतात. मग उरलेले सगळे म्हणतात, 'सरांनी म्हटल्याप्रमाणे.' झाली चर्चा."

"मग आपल्या टेबलाचा नियम लाव की," मी म्हटलं.

आमच्या जेवणाच्या टेबलावर, घरात जो सर्वांत शेवटी आला, तो आधी बोलतो. ही पद्धत आमच्या ह्यांची. मोठ्यांनी तोंड उघडलं की लहानांच्या तोंडातला शब्द घासाबरोबर पोटात जातो, असं हे म्हणत. धाकटी लग्न होऊन आली, त्या पहिल्या रात्री बोलायची पाळी अर्थातच तिची. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने ती पुटपुटली, "हा दिवा डोळ्यांवर येतो." आम्ही वर पाहिलं. खरंच येत होता. कित्येक वर्षं आम्ही डोळे बारीक करून जेवत होतो. ह्यांनी हात न धुताच स्टूल आणून तो दिवा वर चढवला.

संमेलनाला घरच्या माणसांनाही बोलावणं होतं. सभागृहात मागच्या खुर्च्यांवर मी विणकाम घेऊन बसले. पुढे टेबलं मांडून गट केलेले होते. भिंतीवर मोठे कोरे कागद चिकटवले होते. धाकटी उभी राहिली. कान लाल.

"आज एकच नियम," ती म्हणाली. "गटात जे नोकरीला सर्वांत शेवटी लागले, त्यांनी आधी बोलायचं. आणि त्यांचं होईपर्यंत कुणी नाही म्हणायचं नाही."

"नियम छान आहे. तथापि..." गणिताचे सर म्हणाले. विद्यार्थी त्यांना 'तथापि सर' म्हणतात, ते काही उगाच नाही.

"सर, हे नाही म्हणणंच झालं," हिशेबनीसबाई म्हणाल्या. हशा पिकला. मलाही बरं वाटलं.

ते फार टिकलं नाही. पहिल्याच टेबलावर एक बाई हळूच उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे मी ना? मीच शेवटी आलेय."

त्या नव्या प्राचार्या होत्या. त्यांना रुजू होऊन जेमतेम महिना झाला होता. धाकटीने सगळ्यांचा विचार केला होता, शिपायांचा, प्रयोगशाळेतल्या मदतनिसांचा, ग्रंथालयातल्या नव्या मुलीचा. खुद्द प्राचार्याच सर्वांत नव्या आहेत, हे मात्र तिच्या ध्यानातच आलं नाही. आता प्राचार्यांनी आधी बोलायचं म्हणजे पुढे सगळ्यांनी 'मॅडमनी म्हटल्याप्रमाणे' करत री ओढायची. धाकटीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या सुईवरचा टाका सुटला.

"पण मला इथलं काहीच माहीत नाही हो," प्राचार्या म्हणाल्या. "मी काय सांगणार? रुजू होण्याआधी एकदा मुद्दाम संध्याकाळी आले होते, वर्ग बघायला. मोठं फाटक बंद होतं, कुलूप घातलेलं. वाटलं, सुट्टी असेल. परत गेले."

"अहो मॅडम, मागचं लहान फाटक उघडं असतं की!" तीन-चार जण एकदमच म्हणाले. "सायकलस्टँडच्या पलीकडून. सगळे तिकडूनच येतात."

"ते मला कुणी सांगायचं?"

मग ग्रंथालयातली मुलगी म्हणाली, "मुलाखतीच्या दिवशी मीही परत चालले होते. पानवाल्याने सांगितलं म्हणून मागून आले."

"कुलूप लावतं कोण?" प्राचार्यांनी विचारलं.

फाटकावरचे काका दाराशी चहाचा कप घेऊन उभे होते. "मीच लावतो. फाटकाजवळची भिंत पडली होती तेव्हा जुन्या साहेबांनी सांगितलं होतं, अंधारात कुणी ढिगाऱ्यात पडायला नको, संध्याकाळी लावत जा म्हणून."

"भिंत तर केव्हाच बांधून झाली, काका!"

"झाली की. पण लावू नको असं कुणी सांगितलं का?"

तथापि सरांनी चष्मा काढला. "मला वाटत होतं, कार्यालयाचा आदेश आहे."

"आणि आम्हाला वाटत होतं, तुमचा!" हिशेबनीसबाई म्हणाल्या. "काय बाई, काखेत कळसा! जाहिरातींवर जाहिराती दिल्या आपण, आणि चौकशीला येणारी पोरं कुलूप बघून घरी."

मग मात्र कुणाला आवरेना. वेळ बदला, फाटकावर दिवा लावा, पाटी लावा, बसथांब्यावर बाण काढा. धाकटी लिहीत सुटली. कागद संपले तेव्हा तथापि सरांनी आपल्या भाषणाचे कागद उलटे करून पुढे केले. तिचे कान कधी पूर्ववत झाले, ते तिलाही कळलं नाही.

फाटक त्याच संध्याकाळपासून उघडं राहू लागलं. पण विश्वस्तांनी शब्द दिला नव्हता. प्रवेशाचे आकडे बघू, म्हणाले. म्हणजे प्रवेश संपेपर्यंत आमचा जीव टांगणीलाच.

प्रवेश संपले त्या आठवड्यात प्राचार्या आमच्याकडे जेवायला आल्या. पानं वाढली गेली आणि कुणीच बोलेना. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"इथेही मीच का?" त्यांनी विचारलं.

"नियम म्हणजे नियम," नात म्हणाली.

त्यांनी जरा विचार केला. "माझी खुर्ची डुगडुगते."

मुलगा पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन टेबलाखाली शिरला.

"आणि संध्याकाळची शाखा राहतेय," त्या म्हणाल्या. "आजच विश्वस्तांनी सही केली. बदल्या नाहीत."

धाकटीने हातातला डाव खाली ठेवला. तिचे कान पुन्हा लाल झाले होते. माझा तर जीव अगदी भांड्यात पडला.

"काय? काय म्हणाल्या?" टेबलाखालून मुलाचा आवाज आला.