खडकीतला एकोणतीस नंबरचा सोजीर

माझं बाळंतपण एका आयरिश बाईने केलं. हे वाक्य पुण्यात कुणासमोर उच्चारलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या आईकडे. आईचं तोंड तेव्हा बघण्यासारखं असतं. व्हिसा वेळेत आला नाही ही काही तिची चूक नव्हती. पण डिंकाच्या लाडवांनी भरलेली बॅग खडकीच्या घरात तशीच राहिली आणि लेक तिकडे नॉटिंगहॅममध्ये बाळंत झाली, हे तिच्या मनातून अजून गेलेलं नाही.

नवऱ्याची रजा बघता बघता संपली. मग दिवसभर मी, बाळ आणि बाहेर तो इथला राखाडी नोव्हेंबर. शेजारच्या आजींच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे. त्या भिंतीतून त्यांना बाळाचं रडणं ऐकू जायचं, आणि माझंही, असं त्यांनी नंतर सांगितलं. एका सकाळी त्या दारात उभ्या राहिल्या. हातात फडक्यात गुंडाळलेली गरम बटाट्याची भाकरी. उकडलेला बटाटा कुस्करायचा, त्यात मूठभर पीठ, मीठ, लोणी घालायचं आणि तव्यावर भाजायचं. त्यांच्या आईकडून आलेला, उत्तर आयर्लंडचा पदार्थ.

"तू खा, डक. बाळ माझ्याकडे दे," त्या म्हणाल्या. नॉटिंगहॅममध्ये सगळेच एकमेकांना डक म्हणतात. आजी लहानपणापासून इथे राहिल्यामुळे त्यांनाही ती सवय लागलेली.

त्यानंतर त्या रोज येऊ लागल्या. मी झोपायचे, त्या बाळाला खांद्यावर टाकून खिडकीशी उभ्या राहायच्या. मला कुणाचं ऋण ठेवायला आवडत नाही. स्वभावच तसा आहे, वाटी आली की त्यात काहीतरी घालूनच परत पाठवायची. पण या बाईंना काय द्यायचं? चकली त्यांच्या दातांना चाववत नव्हती आणि पैशाचा विषय काढला असता तर त्या पुन्हा आमची पायरी चढल्या नसत्या.

माझी लेक नर्सरीत जायला लागल्यावर एकदा त्यांनीच विचारलं, "तू कम्प्युटरवर काम करतेस ना? मग माझे वडील शोधून दे."

वडील दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेच्या एका आयरिश रेजिमेंटमध्ये शिपाई होते. ते आघाडीवर निघाले तेव्हा आजी जेमतेम पावलं टाकायला शिकल्या होत्या. ते परत आले नाहीत. 'मृत्यू पावले' एवढाच निरोप आला, 'लढताना' हा शब्द त्यात नव्हता, आणि गावातल्या काही लोकांनी त्यावरून हवे ते अर्थ काढले. आई मुलीला घेऊन कारखान्यात काम करायला नॉटिंगहॅमला आली. त्या हलवाहलवीत सगळे कागद गहाळ झाले. घरात एवढंच मानलं जायचं की ते इटलीत वारले, कारण गावातली बरीचशी पोरं इटलीतच लढली होती. आजी तर म्हातारपणी कोच टूरने इटलीला जाऊन, दिसेल त्या स्मारकावर पॉपी, म्हणजे सैनिकांच्या आठवणीचं लाल फूल, ठेवून आल्या होत्या.

"मला दोनच गोष्टी हव्यात," त्या म्हणाल्या. "त्याला कुठे पुरलंय ते. आणि त्याच्याजवळ कधी कुणी गेलंय का ते."

मला वाटलं, ही तर दोन वीकेंडची गोष्ट. मी एक्सेल शीट उघडली, रंगबिरंगी कॉलम केले. रेजिमेंट म्हणजे एक कंपनी आणि तिचं एक ऑफिस अशी माझी समजूत होती. ती आठवडाभरात धुळीला मिळाली. एकाच रेजिमेंटच्या अनेक बटालियन असतात. टोपीवरचा बिल्ला सगळ्यांचा सारखा, पण एक बटालियन आफ्रिकेत, दुसरी इटलीच्या डोंगरात, तिसरी बर्माच्या जंगलात. त्यात पुन्हा माणसांच्या बदल्या. एका बटालियनमध्ये भरती झालेला शिपाई दुसरीत पोचलेला असू शकतो. लंडनच्या अर्काइव्हमध्ये बटालियनच्या रोजनिशा असतात. त्याही मी दोनदा रजा टाकून वाचून आले. त्यात साहेबाला ताप आला तरी नावानिशी नोंद, आणि शिपाई गेले तर नुसता आकडा. वाचता वाचता माझं डोकं इतकं तापलं की शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. बहुधा मी मराठीत पुटपुटत होते.

खरी अडचण वेगळीच होती. आजींच्या वडिलांचं नाव आणि आडनाव दोन्ही त्या भागात घरोघरी सापडणारं. त्याच रेजिमेंटमध्ये त्याच नावाचे इतके मेले होते की कुठल्या दगडाखाली आजींचे वडील हे कळायला काहीच मार्ग नव्हता. सर्व्हिस नंबर द्या, मग सांगतो, असं सरकारी उत्तर आलं. अगदी गोड शब्दांत. नंबर आजींना माहीत नव्हता. आमचा शोध तिथेच अडकला.

मग एका रविवारी आजी माझ्या किचनमध्ये चहा पीत बसल्या होत्या आणि बाबांचा व्हिडिओ कॉल आला. बाबा खडकीच्या कारखान्यातून रिटायर झालेत, पण संध्याकाळचा कट्टा तोच आहे. मागून कुणीतरी ओरडलं, "ए चौसष्ट, चहा गार होतोय!" सगळे हसले.

"काय म्हणाला तो?" आजींनी विचारलं.

मी समजावून सांगितलं. बाबांच्या खात्यात एकाच नावाचे आणि आडनावाचे चौघे होते. हाक मारली की चौघे वळायचे. म्हणून टोकन नंबरचे शेवटचे आकडे हेच नाव झालं. बाबा चौसष्ट. आई चौसष्ट वहिनी. मी चौसष्टची पोरगी, आणि कॉलेजात असताना कॉलनीतल्या कुणी तसं म्हटलं की माझं पित्त खवळायचं.

आजींनी कप खाली ठेवला.

"मिसेस ट्वेंटी-नाईन," त्या म्हणाल्या.

त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यात एक एका हाताचा माणूस टॉफी घेऊन यायचा. वडिलांचा युद्धातला दोस्त. तो त्यांच्या आईला मिसेस ट्वेंटी-नाईन म्हणायचा आणि यांना छोटी ट्वेंटी-नाईन. आई हसायची आणि मग आत जाऊन रडायची. आजींना वाटायचं, माणूस जरा सटकलेला आहे. युद्धातून परतलेले बरेच जण तसे असायचे, त्यामुळे कुणी विचारलंच नाही.

मी लॅपटॉप तिथेच, ओट्यावर उघडला आणि युद्धातल्या कबरींची यादी काढली. तेच नाव, तीच रेजिमेंट, सर्व्हिस नंबराच्या शेवटी एकोणतीस. एकच माणूस निघाला. दफनभूमीचं नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये होतं, म्हणून यादीत आधी डोळ्यांखालून जाऊनही कळलं नव्हतं. मी ते आधी इंग्रजासारखंच 'किर्की' असं मोठ्याने वाचलं, आणि मग पुन्हा एकदा, आपल्यासारखं.

खडकी. आमची खडकी. ज्या कंपाउंडच्या कडेने मी सायकल शिकले, पडले, गुडघे फोडून घेतले, त्या कंपाउंडच्या आत. आम्ही त्याला गोऱ्यांचं कब्रस्तान म्हणायचो. आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आपला काय संबंध, असं वाटायचं.

तसा यात चमत्कार काही नाही. ते ज्या बटालियनमध्ये होते ती बर्माच्या आघाडीवर लढली. आजारी आणि जखमी माणसं तिथून रेल्वेने हिंदुस्थानातल्या हॉस्पिटलांत यायची. आमच्या बाजूला ठिकठिकाणी पुरलेले सोजीर पुढे खडकीतच एकत्र आणले गेले. त्या भागात मेलेला कुणीही तिथेच सापडायचा. हे सगळं मला पटतं. तरीही त्या दिवशी मी खाली फरशीवरच बसले.

आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली. मग म्हणाल्या, "इटलीत मी केवढी रडले होते, डक. चुकीच्या देशात." आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्यातलं हसण्याचं किती आणि रडण्याचं किती, कोण जाणे.

त्यांना विमानात बसायला हृदयाच्या डॉक्टरांची परवानगी नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबा कब्रस्तानात गेले आणि फोटो पाठवला. पांढरा दगड, वर नंबर, खाली नाव. गवत नीट कापलेलं, शेजारी फुलांचं छोटं झुडूप. बाबांनी माळ्याशी गप्पाही मारल्या होत्या. या दगडाला भेटायला आलेलं कुणी त्याने पाहिलं नव्हतं, पण पाणी तो न चुकता घालत होता. आजींनी त्या माळ्याला देवाने सुखी ठेवावं असं म्हटलं, आणि मग खूप वेळ नुसता फोटो बघत बसल्या. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं होतं.

बाबांनी मला फोनवर एकच गोष्ट विचारली, "त्यांना काय आवडायचं खायला?"

मी प्रश्न पुढे पोचवला. आजी गडबडल्या. "मला कसं माहीत असणार? मी एवढीशी होते." त्या रात्री त्यांना झोप लागली नसावी, कारण दुसऱ्या दिवशी चप्पल न बदलता, घरातल्या स्लिपर्समध्येच माझ्या दारात आल्या. "आई भाकऱ्या भाजताना म्हणायची, तुझा बाप असता तर एवढ्या एकट्याने संपवल्या असत्या!"

आईला तेवढं पुरे होतं. पितृपंधरवडा चालूच होता. "सर्वपित्रीला घालू त्यांचं पान," आईने जाहीर केलं. मी फोनवरून कृती सांगितली. अमावास्येच्या सकाळी तिने ताट दाखवलं तर भाकरीवर हिरवे ठिपके.

"आई, हे काय?"

"दोन मिरच्या घातल्यात बारीक चिरून. आणि चिमूटभर जिरं. इतकं पांढरंफटक कसं वाढायचं माणसाला?"

"अगं, ते आयरिश होते!"

"असू देत. इतकी वर्षं खडकीत आहेत."

आजी सकाळी लवकर माझ्याकडे आल्या त्या चर्चला जायचा कोट घालून, केस नीट विंचरून. आमच्यात कावळ्याने पानाला शिवलं की गेलेला माणूस तृप्त झाला असं मानतात, आणि तो येत नसेल तर काही इच्छा राहिली आहे असं समजून त्याला वचन देतात, हे मी त्यांना आधी सांगून ठेवलं होतं. त्या हसतील असं वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "आमच्याकडे रॉबिन पक्षी येतो, गेलेलं माणूस जवळ असलं की."

आत खाद्यपदार्थ नेऊ नयेत असा नियम, म्हणून बाबांनी दगडाशी फक्त शेवंती ठेवली, चपला बाहेर काढून. मग कंपाउंडबाहेर झाडाखाली केळीचं पान मांडलं. आईने फोन धरला होता. स्क्रीनवर पान, त्यावर वरणभात, खीर, मधोमध बटाट्याची भाकरी. भिंतीवर एक कावळा येऊन बसला आणि दुसरीकडेच बघत राहिला.

आम्ही सगळे थांबलो. कावळा ढिम्म.

"मिरचीमुळे तर नसेल ना येत?" आई पुटपुटली.

बाबांनी तिच्याकडे एक कटाक्ष टाकला आणि घसा खाकरला. मग भिंतीच्या आतल्या बाजूला तोंड करून, कारखान्यातल्या माणसाशी बोलावं तसं बोलले, "अहो एकोणतीस, मी चौसष्ट. इथेच राहतो, पलीकडच्या गल्लीत. तुमच्या मुलीने माझ्या मुलीचं बाळंतपण केलंय. आम्ही पोचू शकलो नाही, ती पोचली. हे मी विसरणार नाही. तिची काळजी करू नका, तिकडे माझी पोरगी आहे. आणि इथे मी येत जाईन."

कसंबसं मी ते आजींना इंग्रजीत सांगितलं. कावळा भिंतीवर दोन उड्या मारून थोडा जवळ आला आणि पुन्हा थांबला.

"मी बोलू का?" आजींनी विचारलं.

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, तोंडाच्या अगदी जवळ.

"डॅडी," त्या म्हणाल्या. ऐंशी ओलांडलेल्या बाईच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. "मी आहे. मी इटलीत शोधत होते तुला. उशीर झाला. पण मी मजेत आहे, डॅडी. माझं सगळं छान झालं. तू जेव आता."

बाबांचे हात आपोआप जोडले गेले. कावळा खाली उतरला, वरणभाताकडे बघितलंही नाही, सरळ भाकरीचा मोठा तुकडा उचलला आणि भिंतीवरून आत उडून गेला.

"शिवला," बाबा म्हणाले.

आजींनी माझ्याकडे बघितलं. या शब्दाला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला सुचेना.

"जेवला ना तो?" त्यांनीच विचारलं.

"हो," मी म्हणाले. "जेवले."