चटणीचा आळ

संघप्रिया नऊ वर्षं कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात डोळ्यांचे विषाणू शोधत होती. २००३च्या उन्हाळ्यात, घरोघरी लाल मिरचीची चटणी कांडायच्या दिवसांत, इचलकरंजीचा पिराजी बायको विठाबाईसोबत लालभडक डोळा घेऊन आला. बायकोनं मुद्दाम डोळ्यात चटणी उडवली म्हणून त्यानं मुसळानं तिचा हात मोडला होता.

डॉक्टरांनी बुबुळावरच्या पडद्याच्या वरवरच्या पेशी हलकेच खरवडून काचेवर घेतल्या. संघप्रियानं त्यांवर विषाणूला चिकटणारं चमकतं रसायन घातलं, खोलीत अंधार केला आणि खास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशी हिरव्यागार पेटल्या होत्या.

बाहेर येऊन ती म्हणाली, "पावणं, चटणी न्हाय ही. विषाणू हाय."

"मग त्योबी हिनंच घातला असंल की!" पिराजीनं बायकोवर पुन्हा हात उगारला.

संघप्रियानं तो वरच्या वर धरला. तिची नखं त्याच्या मनगटात रुतली, रक्त आलं, तरी तिनं सोडला नाही.

प्लास्टरमधला हात छातीशी धरून विठाबाई म्हणाली, "ताई, ह्ये कागदावर लिवून द्या. माजा भाऊबी मलाच शिव्या घालतोय. त्याला दावतो, मग चौकीत जातो."

संघप्रियानं बोटांवरचं रक्त पुसलं आणि अहवालाच्या दोन प्रती काढल्या.