चौसष्ट नंबरचा उतार

त्या वसाहतीतल्या कुठल्याही घरात शिरा आणि मान वर करा. छतावर एक डाग दिसेलच. कडा पिवळ्या, मध्ये काळपट, आणि दर पावसाळ्यात वीतभर पुढे सरकलेला. लोकांनी त्याच्यावर रंग मारून पाहिले, जाड कागद चिकटवले, कोणी तर छताखाली दुसरं खोटं छत टांगलं. डाग काही हटला नाही. नवा डाग उमटला की चाळीसेक वर्षं घराघरातून एकच वाक्य ऐकू यायचं, "मिस्त्रीची कृपा."

हा मिस्त्री एकतीस नंबरात राहतो. वय अठ्ठ्याहत्तर. काम सेंट्रिंगचं, म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी खाली टेकू लावून वर फळ्यांचा साचा उभा करायचा. स्लॅब पक्का झाला की साचा काढून घ्यायचा. आपलं सगळं काम आपल्याच हातांनी उतरवून न्यायचं, असा हा धंदा. रंगमंचावर महाल उभा करणाऱ्या सुताराला कधी कोणी टाळी देत नाही, पण महाल डगमगला तर शिव्या मात्र त्यालाच. मिस्त्रीचं आयुष्य तसंच गेलं.

महिन्याभरापूर्वी त्याच्याकडे एक मुलगी आली. वसाहत जतन समितीने तिला वसाहतीच्या इतिहासाची पुस्तिका लिहायला दिली होती. चुणचुणीत, बोलायला गोड. चहा होईपर्यंत तिने विचारून घेतलं की वाळू कुठून यायची, पाणी कोण आणायचं. मग कप खाली ठेवून म्हणाली, "आजोबा, एक वाक्य आहे. छापण्याआधी तुम्हाला दाखवावं असं मला वाटलं."

"वाच की."

तिने वाचलं. "'वसाहतीचा आराखडा निर्दोष होता; परंतु सेंट्रिंग मिस्त्रीच्या हलगर्जीपणामुळे छतांना गळती लागली.' साहेबांच्या अहवालात आहे तसंच घेतलंय."

मिस्त्रीची बायको ओट्याशी उभी होती. ती मागे न वळता म्हणाली, "छापा. तोंडी होतं तोवर वाऱ्यावर जात होतं. आता कायमचं होईल."

मिस्त्रीने रिकामा कप उचलून ओट्यावर ठेवला. मग त्याने विचारलं, "पुस्तक कधी छापणार?"

"पंधरा दिवसांनी. चौसष्ट नंबरात संग्रहालय उघडतंय ना, त्याच दिवशी."

"मग पंधरा दिवस आहेत," मिस्त्री म्हणाला.

आता मागचं सांगायला हवं. शहराच्या कडेला बंद पडलेल्या वीटभट्ट्यांची जमीन होती. खड्डे, राख, काटेरी झुडपं. तिथे एक दिवस साहेब आले. पांढरी पँट, हातात कागदांची गुंडाळी, आणि चिखलातून चालूनही बूट स्वच्छ. साहेब वास्तुरचनाकार होते, बाहेर शिकून आलेले, आणि बोलायला लागले की गवंडीसुद्धा थापी खाली ठेवून ऐकायचे. चौसष्ट घरं बांधायची, सगळी सारखी. पांढरी, चौकोनी, सपाट. कौलं नाहीत, पडवी नाही, नक्षी नाही, कुंपण नाही. खिडक्या भिंतभर आडव्या. घरांच्या मधोमध एकच हिरवळ, सगळ्यांची मिळून.

"जुन्या घरांनी कपाळावर हात धरल्यासारखी छपरं पुढे काढलेली असतात," साहेब सांगायचे. "आपलं घर ताठ मानेनं उभं राहील."

मिस्त्री तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. साहेबांवर त्याचा जीव होता, हे कबूल करायला तो आजही लाजत नाही. पहिल्या छताच्या वेळी मात्र त्याने बोलून पाहिलं.

"साहेब, दोन बोटं उतार देऊ या. डोळ्यांना दिसणार नाही. पाण्याला दिसेल."

"मिस्त्री, मी रेघ कशी मारली आहे?"

"सरळ."

"मग सरळच."

आणि ते नुसतं सांगून थांबत नसत. खिशात काचेची गोटी असायची. स्लॅब पक्का झाला की शिडीने वर जायचे, मधोमध गोटी ठेवायचे आणि हात मागे बांधून बघत राहायचे. गोटी घरंगळली तर छत तोडून पुन्हा. तिसऱ्या घराला गोटी घरंगळली आणि खरोखरच छत फोडलं. त्यानंतर मिस्त्रीने एकाही छताला गोटी हलू दिली नाही. त्रेसष्ट छतं परातीतल्या पाण्यासारखी सपाट केली. असं काम सोपं नसतं. त्यात तो हुशार होता, आणि हीच हुशारी त्याला भोवली.

चार वर्षं काम चाललं. चौसष्टावं घर साहेबांचं स्वतःचं. तोपर्यंत पहिल्या ओळीतली कुटुंबं राहायला आली होती, एक पावसाळा काढून बसली होती, आणि स्वयंपाकघरात पातेली मांडायला लागली होती. पाणी छतावर तळ्यासारखं साचत होतं. मिस्त्रीला कारण ठाऊक होतं, साहेबांना पटत नव्हतं. अशात साहेबांच्या बायकोला दिवस भरले. ज्या दिवशी चौसष्टचा स्लॅब ओतायचा, त्याच पहाटे तिला दवाखान्यात न्यावं लागलं. साहेब जाताना म्हणाले, "ओता. तुम्हाला आता सांगायला नको."

मिस्त्रीने घरी येऊन बायकोला विचारलं, "काय करू?"

ती म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीत ओल? असं काम करून घरी जेवायला येऊ नका."

मिस्त्री परत गेला. पुढच्या बाजूच्या टेकूंखाली लाकडी पाचरी ठोकल्या आणि साचा एका अंगाला दोन बोटं उचलला. आत भीतीही होती, ती का लपवा? साहेबांचं स्वतःचं घर गळलं तर सगळ्यांचंच काम जाईल, असंही त्याला वाटलंच. काँक्रीट ओतलं. आता राहिली गोटी. त्यावर त्याने युक्ती काढली. ओल्या स्लॅबवरून खराट्याचा हात आडवा फिरवला. बारीक बारीक चऱ्या उठल्या.

आठवड्याने साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन आले, मुलगी झाली होती. वर गेले, गोटी ठेवली. गोटी चरीत बसली ती बसलीच. साहेबांनी मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला. "याला म्हणतात काम."

चौसष्ट नंबर गळलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

दोन वर्षांत लोक चिडले. अर्ज झाले, चौकशी बसली. साहेबांनी अहवाल लिहिला. त्यात शेवटी एक ओळ अशी होती की आराखडा चुकीचा असता तर माझं घरही गळलं असतं; माझं घर कोरडं आहे, कारण ते माझ्या प्रत्यक्ष देखरेखीखाली बांधलं गेलं. साहेब खोटं लिहीत नव्हते, त्यांना तसंच वाटत होतं. मिस्त्रीला आजही त्याचंच जास्त लागतं. खोटारड्या माणसाला निदान मनातल्या मनात शिव्या तरी घालता येतात.

तोंड उघडायचं तर काय सांगायचं? साहेब, तुमच्या घरात मी तुम्हाला फसवलं? मिस्त्री गप्प बसला. मोठी कामं यायची थांबली. कामगारांसाठी राखून ठेवलेल्या घरांतलं एकतीस नंबर त्याला आधीच सोडतीत मिळालं होतं, म्हणून डोक्यावर छप्पर राहिलं. तेही गळकं. त्यानेच बांधलेलं, आज्ञेप्रमाणे.

मग त्याने एक चूक केली. शेजारच्या म्हातारीचं छत गळतंय म्हणून डांबराचा डबा घेऊन वर चढला. मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. पंधरा वर्षं हा माणूस पावसाळ्याआधी लोकांच्या छतांवर वाकलेला दिसायचा. कोणी बोलावलं तर नाही म्हणायचा नाही, हात काही शांत बसत नव्हते म्हणून. लोकांनी मात्र निष्कर्ष काढला. "मन खातंय त्याला," ते म्हणाले. "नाहीतर कोण एवढं राबतं फुकट?"

त्याच्या मुलाला शाळेत 'गळका' म्हणायचे. वर्गात पाणी सांडलं की सगळे त्याच्याकडे वळून बघायचे. एकदा तो घरी येऊन म्हणाला, "बाबा, तुम्ही नीट का नाही केलं?" मिस्त्री म्हणाला, "केलं होतं नीट." मुलाने वर छताकडे पाहिलं. अठराव्या वर्षी शिकायला म्हणून बाहेर गेला, तो तिकडचाच झाला. महिन्यातून एकदा फोन करतो. आईशी बोलतो.

वसाहतही तशी राहिली नाही. हिरवळीवर आधी कपडे वाळवायच्या दोऱ्या आल्या, मग कुंपणं. भिंतभर खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं लागली. छपरांवर पत्रे चढले. ताठ मानेच्या घरांनी एकेक करून टोप्या घातल्या. आणि सगळं पुरतं विद्रूप झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की ही वसाहत म्हणजे मोठा ठेवा आहे. साहेब वारले होते. त्यांच्या मुलीने चौसष्ट नंबर संग्रहालयासाठी दिलं, आणि जतन समिती स्थापन झाली. अध्यक्ष मोठ्या बाई, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळी वसाहत त्यांच्या हाताखालून गेलेली.

त्या पंधरा दिवसांतच मिस्त्रीने त्यांना चौसष्टमध्ये बोलावलं. पुस्तिकेवाली मुलगीही आली. मिस्त्रीने पिशवीतून पारदर्शक नळी काढली, तिच्यात पाणी भरलं, बुडबुडे टिचकी मारून घालवले. समपातळी बघायला एवढंच लागतं. नळीची दोन टोकं दोन जागी धरली की पाणी आपोआप सारख्या उंचीला थांबतं. दुसरं टोक धरायला बायको.

"अगं, वर धर. भिंतीला लाव."

"हात थरथरतोय माझा, दिसत नाही?"

"पाणी थरथरत नाही ना, मग झालं."

त्याने दोन्ही भिंतींवर पेन्सिलीने पाण्याच्या खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेपासून छतापर्यंत पट्टी धरली. इकडे जितकं भरलं, तिकडे दोन बोटं कमी. "बघा," तो म्हणाला. "हा उतार. हा मी दिला. साहेबांच्या नकाशात नाही. म्हणून हे एकच घर गळलं नाही."

मुलीने पटापट फोटो काढले. तिचे डोळे चमकत होते. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मिस्त्री, म्हणजे तुम्ही नकाशा मोडला, हे तुम्ही स्वतःच सांगताय."

"एकाच घरात, बाई."

"एका घरात मोडणारा माणूस बाकीच्या घरांत मोडणार नाही, असं लोक मानतील?"

"बाकीच्या घरांत मी तो मोडला नाही, हेच तर माझं दुर्दैव."

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मुलीला बाहेर पाठवलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर मिस्त्रीशेजारी बसल्या. आवाज खाली आणला.

"हे घर जतनाच्या यादीत आलं, ते आराखड्याबरहुकूम बांधलेलं एकमेव घर म्हणून. दारावरच्या पाटीवर तसंच लिहिलंय. आता मी जाहीर करू की हेच तेवढं तसं नाही? घर यादीतून जाईल. साहेबांची मुलगी हयात आहे, तिला काय वाटेल? तुमच्यावर अन्याय झाला, मला पटतंय. मी एवढं करू शकते. ते वाक्य काढून टाकते. गळतीचा विषयच काढून टाकते."

"मग माझं काय राहील पुस्तकात?"

बाईंनी थोडा विचार केला. "तुमचा उल्लेख त्या एकाच वाक्यात होता."

मिस्त्रीची बायको अजून भिंतीशी नळीचं टोक धरून उभी होती. ती म्हणाली, "बाई, एक विचारू? दगडाची खाण कुठली, ते लिहिलंय पुस्तकात?"

"हो. का?"

"काही नाही. दगडाचं बरं आहे."

मिस्त्रीने पट्टी घडी करून पिशवीत टाकली. "काढा वाक्य," तो म्हणाला.

उद्घाटन झालं. पुस्तिका घरोघरी वाटली. जाड, गुळगुळीत कागद, साहेबांचा फोटो, हिरवळीचे जुने फोटो, चौसष्ट नंबरची पाच पानं. मिस्त्रीने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवत वाचली. चौसष्ट घरं त्या जमिनीतून आपोआप उगवली होती.

त्या रविवारी मुलाचा फोन आला. बायकोच्या आधी मिस्त्रीने उचलला.

"बाबा? तुम्ही? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. वसाहतीचं पुस्तक निघालंय. त्यातून ते वाक्य काढायला लावलं मी."

"कुठलं?"

"माझं. हलगर्जीपणाचं."

 मग मुलगा बोलला, आणि असा मायेचा आवाज मिस्त्रीने त्याच्या तोंडून तो सहा-सात वर्षांचा असताना ऐकला होता, त्यानंतर आजच.

"बरं केलंत. कशाला या वयात ते उगाळत बसायचं? बाबा, मला लहानपणी तुमचा फार राग यायचा. आता नाही येत. माझ्याही हाताखाली माणसं आहेत, मलाही कळतं, कामात चुका होतात. कोणाच्या होत नाहीत?"

"अरे, पण ती चूक..."

"असू द्या हो. मी केव्हाच विसरलोय ते. दिवाणखाना अजून गळतो का? या वेळी मी येतो चार दिवस. आपण दोघं मिळून वर डांबर लावू."

"ये," मिस्त्री म्हणाला. फोन ठेवला.

बायकोने विचारलं, "काय म्हणाला?"

"येतो म्हणाला. आणि माफ केलंय म्हणाला."

"माफ? कशाबद्दल माफ? तुम्ही सांगितलं नाहीत त्याला चौसष्टचं?" तिने हात पुढे केला. "द्या इकडे फोन, मी सांगते."

मिस्त्रीने फोन छातीशी धरला. "नको," तो म्हणाला. "येऊ दे आधी त्याला."