व्याज घ्या, शेठजी

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. बियाण्याच्या कंपनीत ग्रेडिंग मशीनवर सुपरवायझर म्हणून निम्मं आयुष्य गेलं, तरी ऑफिसातून बोलावणं आलं की आपली काय चूक झाली ते मी आधी आठवायला लागतो. बहुतेक वेळा काही नसतं. कुणाच्या तरी हजेरीचं विचारायचं असतं. त्या फेब्रुवारीत नव्या अकाउंटंट मॅडमनी बोलावलं तेव्हा मात्र होतं.

गोष्ट उचलीची होती. आदल्या एप्रिलात घराच्या दोन खोल्या बांधायला मी शेठजींकडून चांगली मोठी उचल घेतली होती. शेठजींचं घराणं पिढ्यांमागं राजस्थानातून जालन्याला आलं. तेव्हापासून त्यांचा नेम असा, की बाहेरच्याला व्याज सोडायचं नाही आणि आपल्या नोकरमाणसाकडून घ्यायचं नाही. "घरच्या मानसाचं व्याज अंगी लागत न्हाई," असं ते म्हणत. दर महिन्याला पगारातून मुद्दल कापलं जाई, बस्स. जुन्या मुनीमजींनी त्यापलीकडं कधी काही विचारलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "काका, ही उचल बिनव्याजी आहे. बँकेनं जे व्याज घेतलं असतं ते तुमचं वाचलं. कायद्यानं ते वाचलेलं व्याज तुमचं उत्पन्न धरतात. लहानसहान उचल असती तर सोडून देता आलं असतं."

"पण मला तं एक रुपया जास्तीचा मिळाला न्हाई."

"मिळाला नाही, पण वाचला ना. तो पगारात मिळवून दाखवावा लागतो."

मी हसलोसुद्धा. कर लागण्याइतका माझा पगारच नव्हता. नंग्याला लुटारूची कसली भीती! मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. "म्हंजे पगाराच्या दाखल्यावर आकडा वाढल?"

"वाढेल."

हसू तोंडातच राहिलं. माझी मुलगी संभाजीनगरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. फी शिष्यवृत्तीतून भरली जायची. त्यासाठी बापाचं उत्पन्न ठरलेल्या हद्दीच्या आत असल्याचा तहसीलचा दाखला लागतो, आणि तो मिळतो कंपनीच्या पगाराच्या कागदावरून. माझा पगार त्या हद्दीच्या अगदी काठावर. वाचलेलं व्याज त्यात पडलं की गेलो पलीकडं. फी भरायची माझी ऐपत नव्हती. म्हणजे पोरीचं शिक्षण तिथंच थांबणार. आमच्या गावच्या, धावड्याच्या, सगळ्या भावकीत दवाखान्यात नोकरी करणारी ती पहिली होणार होती.

मी हात जोडले. "मॅडम, लिहूच नका ना ते."

"ऑडिटमध्ये सापडलं तर माझी नोकरी जाईल, काका." मग माझ्या तोंडाकडं बघून त्या हळूच म्हणाल्या, "एक रस्ता आहे. मार्च संपायच्या आत वर्षाचं व्याज बँकेच्या दरानं भरून टाका. मग वाचलं काहीच नाही आणि धरायचंही काही नाही. पण शेठजींनी ते घेतलं पाहिजे."

घरी सांगितलं तर बायकोनं कपाळावर हात मारला. "पैशाचं हुईल, या महिन्याची भिशी आपलीच हाये. पन शेठजीला व्याज घ्या म्हनाल? येडं लागलं का तुम्हाला?"

तिचं खरं होतं. वजनकाट्यावरच्या एका माणसानं पूर्वी बाहेरून कर्ज काढून उचल मुदतीआधी फेडली, तर शेठजींना तो अपमान वाटला. ते त्याच्याशी बोलेनासे झाले, आणि शेवटी तो आपणहून सोडून गेला. मी तर त्यांचा नेमच मोडा म्हणणार होतो. मशीनसमोर उभा राहिलो तरी डोळ्यांपुढं शेठजींचा चेहरा. जेवण जाईना. रोज सकाळी आज बोलू म्हणायचो आणि संध्याकाळी शेठजींची गाडी गेटाबाहेर गेली की मोकळा श्वास घ्यायचो. मार्च लागला.

मग पोरीचा फोन आला. "पप्पा, आज पेशंटला पहिल्यांदा इंजेक्शन दिलं. हात बिलकुल थरथरला न्हाई." शाब्बास म्हणालो आणि घाईनं फोन ठेवला, कारण माझा आवाज थरथरायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी शेठजींच्या खोलीत गेलो.

"बोल," ते म्हणाले.

"शेठजी, माझ्याकडून व्याज घ्या."

त्यांनी चष्मा काढला. "काय कमी केलं मी तुला?"

मी घाबरून भराभर बोलत सुटलो. दाखला, तहसील, फी, मार्च, काहीचा काही क्रम नव्हता. ते ऐकत होते की नाही, कळेना.

"माझ्या बापानं घेतलं न्हाई, मी घेतलं न्हाई," ते म्हणाले. "आता तुझ्यापासून सुरू करू?"

"तुमचा नेम मोडला तं पाप माझ्या डोक्यावर," मी म्हणालो, "पण न्हाई मोडला तं माझी पोरगी शिक्षण सोडून घरी येती."

असं मी शेठजींना बोललो, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. त्यांनी मॅडमना बोलावून घेतलं. "हा बराबर बोलून राह्यला का?"

"हो शेठजी. व्याज भरलं तर उत्पन्न हद्दीच्या आतच राहतं."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "लावा व्याज. बँकेचं जे असल ते बराबर लावा." आणि माझ्याकडं वळून समोरच्या खुर्चीकडं बोट केलं. "बसा. व्याज देनाऱ्याला उभं ठेवायची आमच्यात रीत न्हाई."

त्या खोलीत इतक्या वर्षांत मला कुणी बस म्हटलं नव्हतं. शेठजी मला कधी अहोजाहो बोलले नव्हते. घरचा माणूस ना मी, त्यामुळं त्यात काही कमी आहे असं मलाही कधी वाटलं नव्हतं. पोरीचं वर्ष वाचलं होतं. मला रडू येत होतं, आणि ते कशाचं हे नीट कळत नव्हतं. मॅडमनी खुर्ची पुढं सरकवली. मी बसलो.