पिवळी खूण

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत चंदर कोचरेकरचा गाळा होता. आत दोन गाड्या कशाबशा मावायच्या. एक गिऱ्हाइकाची आणि दुसरी त्याची स्वतःची, दोन सीटची, जमिनीला चिकटून चालणारी चंदेरी स्पोर्ट्स कार. ती त्याला गोरेगावच्या एका स्टुडिओच्या मागच्या आवारात मिळाली होती. कुठल्याशा मारामारीच्या शूटिंगमध्ये भिंतीवर आपटली, आणि काम झाल्यावर तिथेच टाकून दिली. सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं. चंदरने ती टेम्पोवर चढवून आणली तेव्हा धाकटा भाऊ राजेश म्हणाला, "दादा, ही गाडी नाही रे, भंगार आहे."

"इंजिन बघ ना यार. खरचटलंसुद्धा नाहीये."

वडील वेंगुर्ल्याकडून येऊन गिरणीत लागलेले. गिरणी बंद पडली आणि दहावी झालेला चंदर अंधेरीच्या एका गॅरेजात चिकटला. तिथून पुढे स्वतःचा गाळा, मग राजेश हाताशी. लोकांच्या गाड्यांवर पोट चालायचं, पण जीव त्या चंदेरी गाडीत. तिची चेसिस सरळ करायला त्याला काही वर्षं गेली. त्याचा हट्ट एकच होता. गाडीने मुंबईतून रस्त्याने निघायचं, खड्डे खात दक्षिणेतल्या ट्रॅकवर पोचायचं, तिथे ट्रेलरवरून आलेल्या महागड्या गाड्यांबरोबर पळायचं, आणि रस्त्यानेच घरी यायचं.

हे दिसतं तेवढं सोपं नसतं. ट्रॅकवर गाडीच्या स्प्रिंगा कडक लागतात, रस्त्यावर तशा ठेवल्या तर मणक्याची वाट लागते. ट्रॅकचे ब्रेक पॅड तापल्याशिवाय धरतच नाहीत. सिग्नलवर ते उपयोगाचे नाहीत. म्हणून चंदरकडे टायरचे दोन जोड, पॅडचे दोन जोड. जाताना ट्रॅकचे टायर बायकोच्या सीटवर बांधायचे आणि तिथे पोचल्यावर झाडाखाली बसून सगळं बदलायचं. बायको, सुगंधा, एकदाच गेली होती ट्रॅकवर, बसने. नवरा हेल्मेट काढून हसत आला तेव्हा तिला वाटलं होतं, लग्नात पण हा माणूस इतका खूश नव्हता.

पन्नाशी उलटल्यावर चंदर हत्यारांची नावं विसरायला लागला. "ते दे ना रे, ते... गोल." राजेश हसायचा. एका गिऱ्हाइकाच्या गाडीत त्याने सकाळी इंजिन ऑइल भरलं आणि दुपारी पुन्हा भरलं. तेव्हाही राजेश हसला, पण थोडा उशिरा.

मग एका संध्याकाळी तो चंदेरी गाडी घेऊन मुलीला आणायला मालाडला गेला. गार्गी तिथल्या एका ऑफिसात कामाला होती. परत येताना हायवेवर गोरेगावच्या पुढे समोर बस थांबली म्हणून चंदरने ब्रेक मारला, आणि गाडी सरळ थांबायच्या ऐवजी उजवीकडे डिव्हायडरवर ओढली गेली. पुढचं चाक थडथडायला लागलं. गार्गी ओरडली, "बाबा, थांब! बाबा!" गाडी कशीबशी कडेला लागली.

गार्गीच्या फोनवरून राजेश धावत आला आणि त्याने तिथेच रस्त्यावर जॅक लावला. डाव्या चाकाचे नट बोटांनी फिरत होते. चाक काढून आत बघितलं तर त्या बाजूला ट्रॅकचे पॅड. उजव्या बाजूला रस्त्याचे.

"दादा, हे कधी लावलेस?"

"मी नाही लावले."

"मग कोणी?"

चंदर चाकाकडे बघत राहिला. "नट मी टाइट केले होते," तो म्हणाला. गार्गी फुटपाथवर बसून रडत होती. तिच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या की या वयात सहसा होत नाही, पण होतो, आणि झाला की पुढेच जातो. सुगंधाने विचारलं, "औषधाने परत येईल ना थोडं तरी?" डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. चंदर सगळा वेळ त्यांच्या टेबलावरच्या पंख्याकडे बघत होता.

गाळा बंद करायचा विचार कोणाच्याच मनात नव्हता. राजेशने ठरवलं, दादाने काम करायचं आणि आपण मागून गुपचूप तपासायचं. काही महिने चाललं. एक दिवस चंदर चहा पिऊन लवकर परत आला, आणि आपण नुकत्याच बसवलेल्या चाकाचे नट राजेश पुन्हा आवळतोय हे त्याने पाहिलं. रागावला की त्याची मालवणी बाहेर यायची.

"माका तपासतंस? तुका पानो धरूक कोणी शिकवल्यान?"

"तूच, दादा."

"मगे?"

चंदरने पाना जमिनीवर आपटला, बाहेर जाऊन कट्ट्यावर बसला आणि त्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्या गाडीला त्याने हात लावला नाही. पण स्वतःच्या गाडीला रोज लावायचा. सकाळी खोलायची, संध्याकाळी जोडायची. सुगंधा डबा घेऊन यायची आणि स्टुलावर बसून राहायची. त्याला एकट्याला सोडायची तिची हिंमत नव्हती.

पिवळ्या रंगाची युक्ती तिचीच. एक नट नीट आवळून झाला की त्यावर ब्रशने पिवळी रेघ ओढायची. रेघ आहे म्हणजे काम झालंय, रेघ नाही म्हणजे बाकी आहे. चंदरला ते पटलं. "हुशार आहेस गं," तो म्हणाला. पावसाळ्याभर ते व्यवस्थित चाललं. राजेश येता जाता तपासायचा, आणि प्रत्येक रेघेखालचा नट घट्ट असायचा. सुगंधा रात्री, नोकरीसाठी आता बाहेरगावी गेलेल्या गार्गीला फोनवर सांगायची, "डॉक्टर काही पण म्हणू देत. सुधारतोय तो."

दिवाळीच्या आधी एका दुपारी ती डबा उघडत होती. चंदरने चाक लावलं, नट हातानेच चढवले, ब्रश बुडवला आणि एकेका नटावर रेघ ओढली. सावकाश, अगदी सरळ. मग पाना न उचलताच दुसऱ्या चाकाकडे गेला.

"अहो, आवळायचे राहिले ना."

"झाले की. रेघ आहे बघ."

तिने उठून नट धरला. तो बोटांनी फिरला. मग मागचं चाक, मग बॉनेटखाली, जिथे जिथे हात पोचला तिथे तिथे तिने बघितलं. गाडीभर पिवळ्या रेघा होत्या आणि त्यातलं निम्मं सैल होतं. कधीपासून, कोण जाणे. चंदर तिच्याकडे अभिमानाने बघत उभा होता. तिने पोळीचा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला.

प्रितम नावाचं त्याचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, ट्रॅकवरचा सोबती. तो म्हणाला, "काकांना एकदा शेवटचं घेऊन जाऊ या. कदाचित बरं वाटेल." राजेशने गाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः खोलून जोडली आणि स्वतःच चालवत नेली. सुगंधा प्रितमच्या गाडीतून मागोमाग. वाटेत चंदर खिडकीतून हात बाहेर काढून बसला होता, शांत. ट्रॅकवर त्याने हेल्मेट आपणहून चढवलं, पट्टासुद्धा न चुकता लावला. सुगंधाने देवाचं नाव घेतलं.

राजेशने पहिली फेरी हळू घेतली. दुसऱ्या फेरीला सरळ पट्ट्यावर त्याने गाडी सुसाट सोडली, आणि चंदर किंचाळला. जनावर किंचाळतं तसा. दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून तो ओरडत राहिला, "उतरव! मला उतरव! कोण आहेस तू?" वळण समोर आलं होतं. राजेशने कसाबसा वेग कमी केला आणि गाडी आत आणली. दार उघडलं तेव्हा चंदरची पँट ओली झाली होती आणि दात वाजत होते. प्रितम तोंड फिरवून उभा राहिला. सुगंधाने आपली ओढणी नवऱ्याच्या कमरेला गुंडाळली आणि सगळ्यांच्या समोरून त्याला हात धरून नेलं.

त्यानंतर तो रिक्षातही बसेना. गाडी प्रितम घेऊन गेला. त्याने ती फक्त ट्रॅकसाठी करून टाकली, आतलं सगळं काढून. एकदा त्याने फोनवर गाडीचा व्हिडिओ पाठवला. सुगंधाने तो न बघताच पुसला. गाळाही गेला, तिथे आता खोके बनतात.

गाडी गेली, पण चंदरच्या हातांना काम हवंच होतं. तो घरातलं खोलायला लागला. कपाटाच्या बिजागऱ्या, नळाची तोटी, देव्हाऱ्याचं दार. राजेशने घरातलं एकूण एक हत्यार उचलून नेलं, तर तो चमच्याने स्क्रू काढायचा. एका सकाळी सुगंधा आंघोळीला गेली होती, आणि त्याने रेग्युलेटर चालू असतानाच गॅसची नळी सुरीने कापली. शेजारच्या कुंदाताईंना वास आला म्हणून इमारत वाचली. सोसायटीची मीटिंग बसली. कोणी वाईट बोललं नाही. सगळे खाली बघून बोलत होते, आणि तेच सुगंधाला सहन झालं नाही.

बोरिवलीला अशा माणसांना सांभाळणारी एक जागा आहे. गार्गीने ती शोधली. सुगंधा आधी नाही म्हणाली, मग बरेच दिवस काहीच म्हणाली नाही, मग कपडे भरायला बसली. न्यायच्या दिवशी त्याला झोपेची गोळी द्यावी लागली, नाहीतर तो गाडीत बसला नसता.

खोलीत पलंगावर बसल्यावर त्याने वर बघितलं. पंखा करकरत होता.

"बेअरिंग गेलंय," चंदर म्हणाला.

सुगंधाने राजेशकडे पाहिलं. राजेशही पंख्याकडे बघत होता, आणि बेअरिंग खरंच गेलेलं होतं. तिथली मावशी चादर घेऊन आली. चंदरने तिच्याकडे बोट दाखवलं. "बेअरिंग गेलंय." मग भिंतीकडे. मग पाण्याच्या तांब्याकडे. मग सुगंधाच्या तोंडाकडे नीट, गिऱ्हाइकाची गाडी बघावी तसं बघून तो म्हणाला, "हिचं पण गेलंय."

मावशी हसली. राजेश खोलीबाहेर निघून गेला. सुगंधाने चंदरचे चार शर्ट कपाटात लावले, चपला पलंगाखाली सरकवल्या, आणि भेटायची वेळ संपली असं कोणीतरी सांगायला येईपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहिली. तिने त्याचा हात हातात घेतला, तो त्याने घेऊ दिला. घट्ट मात्र धरला नाही.

परत येताना गार्गीचा फोन आला. "आई, बाबा राहिला ना नीट?"

"राहिला," सुगंधा म्हणाली.

घरी गॅस नव्हता, तो तेव्हापासून बंदच होता. तिने कोपऱ्यावरून इडली आणली आणि उभ्याउभ्याच खाल्ली.