कॅमेऱ्यात पाणी गेलं नव्हतं

"आदमी ही इतना काला है, तो फोटो काला ही आएगा ना."

दुकानदार असं म्हणाला आणि माझा मोबाइल काउंटरवर ठेवून हसला. त्याची दोन माणसंही हसली. मोबाइलवर माझ्या बाबाचा फोटो होता. बाबाला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

मी त्याला फोटोतला काळा पट्टा दाखवत होते. कपाळापासून नाकापर्यंत, आडवा, पट्टीनं आखावा तसा. त्याखाली ओठ, हनुवटी, गळ्याची हाडं, खाटेवरची हिरवी चादर. सगळं स्वच्छ. कॅमेऱ्याचं शटर पूर्ण उघडत नसलं की असा पट्टा येतो. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी तो हसला.

मी गप्प राहिले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कोणी मला वाघीण समजू नये.

आम्ही मध्य प्रदेशातले, मूळचे तिरोडीकडचे. बाबा ठेकेदाराकडे दगड फोडायचा. दगडाच्या धुळीनं छाती भरली, काम सुटलं, आणि आम्ही बालाघाटच्या एका वॉर्डात आलो. मी फोटो काढते. लग्न, नामकरण, मयतानंतरचा जलदान विधी. आमच्या लोकांत फोटोवाली पोरगी मी एकटीच. बायका चिडवतात, "आली बाई, पदर सावरा." पण मी असले की त्या मोकळ्या बसतात, आणि मोकळ्या माणसाचा फोटो चांगला येतो.

कॅमेरा घ्यायला बाबा सोबत आला होता. इस्त्रीचा शर्ट घालून. दुकानाच्या काचेच्या दाराशी, पायरीवर त्यानं चपला काढल्या.

"बाबा, इथं काढत नाहीत."

"असू दे. फरशी चांगली हाय त्यायची."

तासभर तो अनवाणी उभा राहिला. परत येताना खोकं त्यानं मांडीवर धरलं, मला देईना. दोन वर्षांची वारंटी होती. ते कार्ड त्यानं जातीच्या दाखल्याच्या पिशवीत ठेवलं. घरातला सगळ्यात मोलाचा कागद त्या पिशवीत जायचा.

एकविसाव्या महिन्यात पट्टा यायला लागला. आधी दहात एक, मग दहात चार. मी दुकानात गेले. माणूस कॅमेरा आत घेऊन गेला, थोड्या वेळानं आणून दिला. "साफ कर दिया. ठीक है." महिन्याभरानं पुन्हा गेले. पुन्हा तेच. दोन्ही वेळा त्यानं चिठ्ठी दिली नाही आणि दोन्ही वेळा मी मागितली नाही.

का नाही मागितली? मी बीए झालेली बाई. पण आमच्या घरात मोठ्या माणसाला कागद मागणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. बाबाचं ठरलेलं, "त्यायनं तोंडानं सांगतलं ना, मंग झालं." मी "थँक्यू सर" म्हणून बाहेर पडले. दोन्ही वेळा.

आणखी एक चूक केली. आमच्या धंद्यात बिघडलेला फोटो त्याच संध्याकाळी उडवून टाकतात. गिऱ्हाइकाला दिसला तर पुढचं लग्न जातं. त्या महिन्यांतले पट्ट्याचे सगळे फोटो मी लाजेनं पुसून टाकले. दोष कॅमेऱ्याचा, आणि लाज मला.

बाबा कधी फोटो काढू द्यायचा नाही. "दुसऱ्यायचे काढ बाई. मी कुठी पळून चाल्लो का?" एका सकाळी तोच म्हणाला, "आज काढ. आज जरा बरं वाटून राह्यलं." आईकडून केस विंचरून घेतले. खाटेवर ताठ बसला. मी तीन फोटो काढले. तिन्हींत पट्टा.

"कसा आला?"

"चांगला आला बाबा."

मी त्याला दाखवला नाही. वाटलं, कॅमेरा नीट झाला की पुन्हा काढू. पाचव्या दिवशी बाबा गेला.

जलदानाला बुद्धाच्या मूर्तीजवळ ठेवायला फोटो हवा होता. शेवटी त्याच्या कामाच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. एवढासा फोटो इतका ताणला की चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. डोळे कुठं आहेत ते कळत नव्हतं. लेक फोटोग्राफर, आणि बापाचा असा फोटो. मी त्या फोटोला फुलं वाहिली आणि मान वर केली नाही.

ते तीन फोटो मात्र माझ्यानं पुसवले नाहीत.

वारंटी संपली. पुढच्याच महिन्यात राजेगावच्या एका लग्नात, नवरी हार घेऊन उभी असताना, कॅमेरा खट् वाजला आणि थांबला. नवरी माझ्याकडे बघत राहिली. बाकीचं लग्न कोणाच्या तरी मोबाइलवर झालं. मी दुसऱ्या दिवशी कॅमेरा, बिल, कार्ड घेऊन दुकानात गेले. दोष जुना आहे हे पटावं म्हणून बाबाचा फोटो दाखवला. पुढचं सुरुवातीलाच सांगितलं आहे.

हसून झाल्यावर त्यानं एक कागद पुढं सरकवला. "वारंटी खत्म. पर मैं बुरा आदमी नहीं हूँ. इस पर साइन कर दे, कंपनी में बोलके आधे में करा देता हूँ."

मी वाचला. लिहिलं होतं, 'कैमरे में मेरी लापरवाही से पानी गया. दुकान और कंपनी की कोई जिम्मेदारी नहीं.'

"पानी नहीं गया," मी म्हणाले.

"अरे फॉर्मेलिटी है. तुम लोग आजकल पढ़ने बहुत लगे हो."

तुम लोग. त्यानं माझं आडनाव बिलावर वाचलं होतं.

मला ठेकेदार आठवला. वर्षाला एकदा तो बाबापुढं कागद ठेवायचा. बाबा सही शिकला होता, वाचायला नाही. मी पाचवीत असताना एकदा विचारलं होतं, "बाबा, काय लिहिलं हाय?"

"सही कराचं लिहिलं हाय."

मी तेव्हा अक्षरं जुळवून वाचलं होतं. 'मैं पूर्ण रूप से स्वस्थ हूँ.' म्हणजे तब्येत ठणठणीत. बाबा तेव्हाही खोकत होता. मी त्याला सांगितलं नाही. पाचवीतल्या पोरीला वाटलं, चांगलंच लिहिलंय की.

पेन माझ्या हातात होतं. मी त्याला टोपण लावलं.

"पानी नहीं गया. मैं साइन नहीं करूँगी. कैमरा वापस दीजिए. और लिखकर दीजिए कि आपने बनाने से मना किया."

"लिखकर कुछ नहीं मिलेगा."

"और वो मेरे पिताजी हैं."

एवढं म्हणून मी कॅमेरा उचलला आणि बाहेर आले. बाहेर येऊन रडले, रस्त्यावर, लोकांसमोर. बाबानं चपला काढल्या होत्या त्या पायरीवर.

आमच्या विहारात एक निवृत्त शिक्षिका येतात. सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्यांना सगळं सांगितलं. त्या आधी चिडल्या माझ्यावरच.

"चिठ्ठी काहून नाही घेतली? बीए झाली न तू?" मग म्हणाल्या, "आयक. वारंटी सरली म्हंजे हक्क सरला असं नसते. मालात खोट पयलेपासून असन, वारंटीतच दिसली असन, तर तक्रार करता येते. पण ते दाखवा लागते. हाय काही?"

"सगळे फोटो पुसले मावशी."

"एकही नाही ठेवला?"

मी मोबाइल पुढं केला. त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून बघितला. मग चष्मा पुसला. "फाइलीत तारीख राह्यते न?"

हौ. तारीख राहते. कॅमेऱ्याचा नंबरही राहतो, बिलावरचाच. घरी येऊन उघडून बघितलं. फोटोच्या तारखेला वारंटीचे दोन महिने बाकी होते.

जो फोटो मी बाबाला दाखवला नाही, ज्यावर ते तिघं हसले, तोच एक पुरावा माझ्याकडे उरला होता. त्या रात्री मी जेवले नाही.

मी दुकानाला आणि कंपनीला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. दुकानाकडून उत्तर आलं, कॅमेऱ्यात पाणी गेलं, आणि ही बाई धंदा करते, ग्राहक नाही. मावशींनी सांगितलं, पोटासाठी स्वतःच्या हातानं राबणारा माणूस ग्राहकच असतो. आई म्हणाली, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये बाई." ही म्हण ज्यांचं काम कोर्टाबाहेरच होऊन जातं त्यांनी केली असावी. मी तक्रार स्वतः लिहिली, हिंदीत, वकिलाशिवाय. ग्राहक आयोगात बाबूनं कागद तपासले आणि फोटोवर थांबला.

"ये कौन हैं?"

"मेरे पिताजी."

त्यानं मान हलवली आणि कागदावर नंबर घातला. या वेळी मी पोच मागितली. शिक्का मारून घेतली. ती आता जातीच्या दाखल्याच्या पिशवीत आहे.

तारीख पडली आहे. निकाल काय लागेल मला माहीत नाही. कॅमेरा नीट झाला तरी बाबाचे डोळे त्या पट्ट्यामागून बाहेर येणार नाहीत. ते मला कोणी भरून देऊ शकत नाही, आणि मी मागितलंही नाही. पण त्या तारखेला दुकानदाराला माझ्या बाबाचा फोटो हातात घ्यावा लागेल, आणि हसता येणार नाही. पुढची तारीख पडली तर पुढच्या तारखेला जाईन. त्याच्या पुढच्याही.

आणि कोणी कितीही कागद पुढं सरकवले तरी मी आधी वाचणार. कॅमेऱ्यात पाणी गेलं नव्हतं. माझा बाप स्वस्थ नव्हता.