दादाची बंदूक, माझी काठी

दुसऱ्या महायुद्धाआधी माझा थोरला भाऊ शांघायच्या परदेशी वसाहतीत कारकून होता. तिथल्या स्वयंसेवक दलातही तो होता, आणि त्या दलाला सरकार बंदुका पुरवायचं. दादाने आपली बंदूक परतही केलेली, पण ती हातात घेतलेला त्याचा फोटो आमच्या कल्याणच्या घरात भिंतीवर मिरवायचा. स्वातंत्र्यानंतर मी होमगार्डमध्ये गेलो, तर सरकारने मला काठी दिली.

खंडेनवमीला आईने पूजेत फोटो आणि काठी शेजारी-शेजारी मांडली. कुंकू आधी फोटोतल्या बंदुकीला लावलं. माझा नुसता जळफळाट झाला.

पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, हा तिचाच नियम. तरी दुपारी तिने माझी काठी उचलून दांडीवरचं वाळलेलं लुगडं काढलं. मी नियमाची आठवण करून दिली.

“अरे, फोटोला कुठे हात लावलाय मी?” ती म्हणाली.